न आलेली नोंद

आमच्या गावाच्या नावातच नाका आहे. कनेरगाव नाका. हिंगोलीहून वाशीमकडे जाताना जिल्ह्याची हद्द संपते तिथे हे गाव लागते. एके काळी इकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि तिकडे इंग्रजांच्या कारभारातील वऱ्हाड होते. १९४८ साली निजामाची राजवट गेली. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. परंतु गावाच्या नावातला नाका काही गेला नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, तेव्हा तर आमचे गाव पुन्हा खरोखरचा नाका होऊन बसले. पलीकडचा माणूस अलीकडे येईना आणि अलीकडचा पलीकडे जाईना.

मी पुण्याहून टाळेबंदीच्या चार दिवस आधी एस.टी.ने घरी पोचले होते. त्या वेळी मी पुण्याच्या एका संस्थेत कंत्राटी पदावर संगणकाचे काम पाहत होते. काम काय, तर सर्व्हरची देखभाल. सर्व्हर म्हणजे संस्थेचा मोठा संगणक. त्याच्यावर सगळ्यांच्या नोंदी, हिशेब आणि पगार असतात. माझ्या मायला हे समजावून सांगताना मी म्हणायची, "माय, तो बिनतोंडाचा कारकून आहे. रात्रंदिवस लिहीत बसतो." माय म्हणायची, "कारकून म्हणलं की लक्ष ठेवावंच लागतंय."

मायच्या या बोलण्यामागे एक गोष्ट आहे, ती आधी सांगते.

मी सात वर्षांची असेन. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. रोजगार हमी योजना आपल्या महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळाच्या काळात सुरू झाली. वि. स. पागे यांच्या नावाशी ती जोडलेली आहे. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, हा कायद्याने दिलेला हक्क. परंतु हक्क कागदावर असला तरी मजुरी मिळते ती हजेरीपटावर नाव असेल तरच. हजेरीपटाला बाया 'मस्टर' म्हणत. माय शिकलेली नव्हती. एके दिवशी मजुरीवाटपाच्या वेळी ती मला सोबत घेऊन गेली. म्हणाली, "वाच गं, मपलं नाव हाय का बघ."

मी एकेक नाव मोठ्याने वाचले. सगळी नावे वाचून झाली. मायचे नाव आले नाही. मला वाटले, माझेच वाचायचे चुकले. मी पुन्हा वाचले. माय बोटांवर मोजत होती. ती मुकादमाला म्हणाली, "तेवीस नावं हायेत, आन् आम्ही चोवीस जणी होतो. मपलंच ऱ्हायलं." मुकादमाने आधी कानावर घेतले नाही. मग बाकीच्या बाया उठून उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे चोविसावे नाव चढले.

पंचवीस वर्षांनी, एका सर्व्हरच्या नोंदवहीसमोर बसलेली असताना ही गोष्ट मला मायनेच आठवून दिली. तोच प्रसंग आज आपल्यापुढे मांडायचा आहे. आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली आता संगणकाच्या कामात आहेत. त्यांना याचा उपयोग व्हावा, आणि त्यांच्या आईवडिलांनाही मुले रात्र रात्र काय करत बसतात ते कळावे, एवढाच हेतू.

विंडोजच्या प्रत्येक सर्व्हरमध्ये एक नोंदवही असते. तिला इव्हेंट लॉग म्हणतात. सर्व्हरवर जे जे घडते ते ते तिथे वेळेसह लिहिले जाते आणि प्रत्येक प्रकारच्या नोंदीला एक क्रमांक असतो. नुसती माहिती असेल तर साधी खूण. इशारा असेल तर पिवळा त्रिकोण. चूक झाली असेल तर लाल खूण. दिवसाला शेकडो नोंदी पडतात. म्हणून आम्ही कामकरी लोक काय करतो, तर चाळणी लावतो. फक्त पिवळे आणि लाल दाखव, बाकीचे लपव. मीही तशीच चाळणी लावून ठेवली होती.

आता त्या सर्व्हरला हात कसा लावायचा? तो पुण्यात कुलूपबंद खोलीत, मी कनेरगावला. त्यासाठी विंडोजमध्ये विनआरएम नावाची सेवा असते. दुरून कारभार करण्याची सेवा. ती सर्व्हरच्या आत कान देऊन बसते. अधिकार असलेल्या माणसाने दुरून हुकूम पाठवला की ती ऐकते आणि तो हुकूम बजावते. तिचे कान दोन दारांशी असतात. साध्या मार्गाला ५९८५ क्रमांकाचे दार आणि प्रमाणपत्र लावलेल्या मार्गाला ५९८६ क्रमांकाचे. विंडोज सर्व्हरच्या २०१२ सालच्या आवृत्तीपासून ही सेवा मुळातच चालू असते. टाळेबंदीच्या काळात आमची सगळी भिस्त या एका सेवेवर होती. पडद्यासकट सर्व्हर दुरून उघडण्याची दुसरी सोय असते, परंतु आमच्या साहेबांनी ती सुरक्षिततेसाठी बंद ठेवलेली होती.

साहेबांची भीती खोटी नव्हती. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातकी प्रोग्राम जगभर पसरला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली. विंडोजमधील एका जुन्या दोषाचा त्याने फायदा घेतलाच, शिवाय एका संगणकातून चोरलेले पासवर्ड वापरून, दुरून कारभार करण्याच्याच साधनांनी तो दुसऱ्या संगणकांत शिरत गेला. जहाजवाहतूक करणाऱ्या मर्स्क कंपनीचे काम जगभर थांबले. आपल्या महाराष्ट्रात न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात त्याच समूहाचे एक टर्मिनल आहे, तेही बंद पडले. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. कंपनीत कोण माणूस कोणता आणि कुणाला कोणता अधिकार, ही नोंद ठेवणारे त्यांचे मुख्य सर्व्हर पुसले गेले. त्यांपैकी एकच वाचला, आफ्रिकेतील घाना देशातला. का वाचला? त्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! आमच्याकडे लोडशेडिंगला शिव्या देणारी माणसे आहेत, त्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते.

सांगायचे एवढेच की, दुरून उघडणारे दार हे सोयीचेही असते आणि धोक्याचेही. ते कुणासाठी उघडे ठेवायचे, हे नीट ठरवावे लागते. हे ठरवतानाच आमच्याकडे घोटाळा झाला.

शनिवार, १८ एप्रिल २०२०. विंडोजची त्या महिन्याची दुरुस्ती आलेली होती. ती बसवून रात्री दहाला सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचे ठरले. आमचे दोन सर्व्हर महत्त्वाचे. एक मुख्य सर्व्हर. त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात. सगळ्यांची नावे आणि अधिकार त्याच्याकडे. दुसरा पगाराचा सर्व्हर. पगाराचे सॉफ्टवेअर जुने होते. सर्व्हर चालू झाला की ते आपोआप उठत नसे, हुकूम देऊन उठवावे लागे. त्यातून निघालेली यादी सोमवारी अकराच्या आत बँकेकडे जायची होती. यादीत दोन-अडीचशे नावे होती. सफाई कामगार, रखवालदार, स्वयंपाकघरातील बाया. सगळे कंत्राटी. मार्चचा पगार आधीच लांबलेला. टाळेबंदीत त्यांच्या घरात काय असेल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

रात्री दहा वाजता दोन्ही सर्व्हर बंद झाले आणि काही मिनिटांत चालूही झाले. मुख्य सर्व्हरने माझी हाक ऐकली. पगाराच्या सर्व्हरने ऐकली नाही. तो जिवंत होता. जाळ्यावर दिसत होता. परंतु हुकूम पाठवला की उत्तर नाही. मी पुन्हा पाठवला. पुन्हा तेच. आमच्या घरात मोबाईलची रेंज नीट येत नाही, म्हणून मी गच्चीवर पोते अंथरून बसले होते. एप्रिलचा महिना असूनही अंगाला थंडी वाजू लागली.

मी मुख्य सर्व्हरची नोंदवही उघडली. सर्वांत वर पिवळा त्रिकोण. क्रमांक १०१५४. त्याचा अर्थ असा : विनआरएम सेवेला आपले नाव मुख्य नोंदणीत लिहिता आले नाही. शेवटी कारणाचा आकडा, ८३४४. म्हणजे 'हे काम करण्यास पुरेसा अधिकार नाही.'

हा इशारा मला नवा नव्हता. सर्व्हर चालू झाला की दर वेळी तो येत असे. जुन्या माणसांनी सांगून ठेवले होते की, त्याच्याकडे लक्ष द्यायचे नाही. परंतु त्या रात्री मला वाटले, हेच दुखणे असणार. जिचे नावच नोंदलेले नाही तिला कोण ओळखणार? माझ्या मनात मस्टरच आले असावे. मी त्याच्यामागे लागले.

हा इशारा का येतो, ते सांगते. सेवेने सुरू होताना आपले नाव डोमेनच्या नोंदणीत लिहायचे असते. ही सेवा नेटवर्क सर्व्हिस नावाच्या, मुद्दाम कमी अधिकार दिलेल्या खात्याने चालते. डोमेन कंट्रोलरवर त्या खात्याला, त्या यंत्राच्या नोंदीत नाव लिहिण्याची परवानगीच पुष्कळदा नसते. मग सेवा लिहायला जाते, नकार मिळतो आणि पिवळा त्रिकोण उमटतो. यावर उपाय दोन. पहिला, अधिकाऱ्याने सेटएसपीएन या हुकुमाने ते नाव स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे. दुसरा, त्या यंत्राच्या नोंदीवर नेटवर्क सर्व्हिसला तेवढी एक परवानगी द्यायची, सेवेचे नाव पडताळून लिहिण्याची. पुष्कळ जण घाईत 'पूर्ण अधिकार' देऊन मोकळे होतात. ते चुकीचे आहे. ज्याला स्वतःचे नाव लिहायचे आहे त्याला स्वतःचे नाव लिहिण्याचा अधिकार द्यावा, सगळ्या वहीचा मालक करू नये. आणि त्याला तेवढाही अधिकार न देता वर्षानुवर्षे पिवळा त्रिकोण पाहत बसणे, हेही बरोबर नाही.

आकडाही नीट वाचावा. त्याच १०१५४च्या शेवटी कधी कधी ८३४४ऐवजी १३५५ असतो. त्याचा अर्थ अधिकार नाही असा नसून, त्या घडीला डोमेनशी संपर्कच झाला नाही असा आहे. सेवा आधी उठली आणि जाळे नंतर उठले, की असे होते. आजाराचे नाव एक असले तरी औषध वेगळे.

मी दुसरा उपाय केला. सेवा पुन्हा चालू केली. पिवळा त्रिकोण आला नाही. रात्रीचे दोन वाजले होते. वर्षानुवर्षांचा इशारा मी घालवला, म्हणून मला आनंद झाला. मग मी पगाराच्या सर्व्हरला हाक मारली.

उत्तर नाही.

वाचकहो, खरे सांगते, मला रडू आले. जो इशारा दिसला तो मी बरा केला. परंतु ज्याला दुखत होते तो तसाच राहिला. पुढे मला कळले की, तो जुना इशारा बहुतेक वेळा कुणाचेच काम अडवत नाही. कारण दुरून हाक मारणारा बहुधा दुसऱ्याच एका नावाने ओळख पटवतो, आणि ते नाव नोंदलेले असतेच. त्यातही हा इशारा मुख्य सर्व्हरचा आणि मुका झाला होता पगाराचा सर्व्हर. दुखत होते एकाला आणि औषध दिले दुसऱ्याला.

सर्व्हरची नोंदवही वाचण्यासाठी मात्र विनआरएम लागत नाही. ती दुसऱ्या वाटेने वाचता येते. म्हणून मी पगाराच्या सर्व्हरची वही उघडली. तिथेही एक पिवळा त्रिकोण होता. क्रमांक १०१४९, 'सेवा ऐकत नाही.' वेळ रात्री दहा वाजून चार मिनिटे. परंतु हा इशाराही ओळखीचाच होता. सर्व्हर बंद होताना ही सेवा थांबते आणि थांबताना ही नोंद टाकते. प्रत्येक महिन्याला ती यायची. म्हणून मी तिला ओलांडून पुढे गेले. पुढे काहीच नव्हते.

रविवारी सकाळी साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, "इमारतीत रखवालदार आहे ना? त्याला सर्व्हरच्या खोलीची किल्ली द्यायला सांगतो. तू फोनवर पासवर्ड सांग. तो तिथे बसून टाईप करील."

मी रखवालदार काकांना ओळखत होते. पगाराच्या यादीत त्यांचेही नाव होते. त्यांना मी विचारले तर ते म्हणाले, "ताई, तुम्ही सांगाल ते बटण दाबतो. पगार झाला पाहिजे." मला त्यांच्या शब्दावर भरवसा होता. परंतु मला दुसरेच काही दिसत होते. उद्या त्या सर्व्हरवर काही बिघडले, एखादी नोंद गेली, तर चौकशीत पहिले नाव कुणाचे येईल? ज्याच्या हातात त्या रात्री किल्ली होती त्याचे. पासवर्ड कुणी दिला, हुकूम कुणी केला, हे कुठे लिहिलेले असणार? मी साहेबांना म्हणाले, "सर, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. काकांना यात आणायचे असेल तर तसा लेखी आदेश ई-मेलने पाठवा." ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघ."

बोलून तर बसले, पण पुढे वाट दिसत नव्हती. माझे कंत्राट त्या वर्षी जूनमध्ये संपत होते, हेही डोक्यात होतेच.

दुपारी माय ताट घेऊन आली. "काय झालं गं? कालपासून काऊन जेवली नाहीस?"

मी तिला सांगितले. कारकून मुका झाला. त्याची वही वाचते आहे, पण वहीत काही सापडत नाही.

"वहीत काय लिवलंय?"

"काल रात्री झोपायला गेलो, एवढंच."

"आन् उठलो कवा, ते?"

मी म्हणाले, "ते नाही लिहिलेलं."

माय म्हणाली, "मंग ते काऊन नाही? गेल्याची नोंद हाय तर आल्याची कुठाय? तू दिसतंय तेवढंच वाचलीस. मस्टरवर मपलं नाव नव्हतं, ते तुला वाचून दिसलं व्हतं का? मी मोजलं तवा कळलं."

मी ताट बाजूला ठेवले आणि चाळणी काढून टाकली. पिवळे, लाल, साधे, सगळे दाखव, असे सांगितले. मग मागच्या महिन्यांच्या नोंदी पाहिल्या. आणि वाचकहो, मला जे इतके दिवस दिसले नव्हते ते दिसले. दर महिन्याला १०१४९ नंतर काही मिनिटांनी १०१४८ होता. १०१४८ म्हणजे 'सेवा आता ऐकत आहे.' ती नुसती माहितीची नोंद असते, पिवळी नाही, म्हणून माझ्या चाळणीने ती कायमची लपवलेली होती. मार्चमध्ये जोडी होती. फेब्रुवारीत जोडी होती. १८ एप्रिलला १०१४९ होता आणि १०१४८ नव्हता. सेवा झोपली, सर्व्हर उठला, पण तिने कान उघडलेच नाहीत.

वही खोटे बोलत नव्हती. परंतु जे घडलेच नाही त्याची ओळ वहीत येत नसते. ती आपल्यालाच मोजावी लागते.

आता प्रश्न सोपा झाला. मार्चनंतर काय बदलले? मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, "काल संध्याकाळी मी धोरणात थोडी कडकाई केली. आपण दोघेच ज्या पत्त्यांवरून येतो ते पत्ते टाकले. बाकी कुणाचे ऐकायचे नाही."

हे धोरण म्हणजे ग्रुप पॉलिसी. मुख्य सर्व्हरवर एकदा लिहिले की इतर सर्व्हर ते पाळतात. त्यात विनआरएमसाठी पत्त्यांचा एक रकाना आहे. पुष्कळ जाणत्या माणसांचाही तिथे घोटाळा होतो. वाटते की, कुणाचे ऐकायचे त्यांचे पत्ते इथे लिहायचे. प्रत्यक्षात तिथे लिहायचे असतात ते सर्व्हरचे स्वतःचे पत्ते, म्हणजे आपल्या कोणत्या दाराशी उभे राहून ऐकायचे ते. साहेबांनी आमच्या घरांचे पत्ते लिहिले. सर्व्हरने पाहिले, यातले एकही दार माझ्या घराचे नाही. मग तो कुठल्याच दाराशी उभा राहिला नाही. रकाना रिकामा ठेवला तरीही तसेच होते. सगळ्या दारांशी उभे राहायचे असेल तर तिथे तारकेची खूण करावी लागते. आणि कुणाला आत घ्यायचे, ते ठरवण्याची जागा निराळी, फायरवॉलचा नियम. साहेबांचा हेतू योग्य होता, जागा चुकली होती.

मुख्य सर्व्हर त्या धोरणाखाली नव्हता म्हणून तो ऐकत होता. त्याच्या मार्फतच मी धोरण दुरुस्त केले. रकान्यात तारका. आमचे पत्ते फायरवॉलच्या नियमात. संध्याकाळचे सात वाजले होते. साहेबांना कळवले. त्यांनी "ठीक" एवढेच लिहिले.

मग वाट पाहणे. पगाराचा सर्व्हर नवे धोरण आपणहून विचारायला येतो. नेहमीचा वेळ दर नव्वद मिनिटांचा, त्यात तीस मिनिटांपर्यंत भर. म्हणजे फार तर दोन तास. तोवर करण्यासारखे काही नव्हते. माय माझ्याजवळ गच्चीवर येऊन बसली. महामार्गावर एरवी नांदेड-अकोला गाड्यांची रीघ असते. त्या रात्री रस्ता मुका होता. नाक्यावर पोलिसांची बॅटरी तेवढी हलत होती.

मी दर पाच मिनिटांनी वही ताजी करत होते. आठ वाजले. सव्वाआठ. आठ वाजून बेचाळीस मिनिटांनी एक साधी, बिनरंगाची ओळ आली. क्रमांक १०१४८. सेवा आता ऐकत आहे.

मी मायला म्हणाले, "माय, आला."

ती म्हणाली, "लिवून ठेव. आन् आता जेव."

मी हाक मारली, उत्तर आले. पगाराचे सॉफ्टवेअर उठवले. सोमवारी सकाळी साडेनऊला यादी बँकेकडे गेली. दुसऱ्या दिवशी रखवालदार काकांचा फोन आला. "ताई, पगार जमा झाला. माझाही झाला." त्यांना त्या दोन दिवसांतले काही माहीत नव्हते, आणि मी सांगितलेही नाही. कार्यालयात साहेबांनी "तांत्रिक अडचण दूर झाली" असे कळवले. त्यात चूक कुणाची ते नव्हते, आणि मायचे नाव तर असण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून आज इथे लिहिते आहे.

त्यानंतर मी माझ्या कामात काही सवयी लावून घेतल्या. रोज येणारा पिवळा त्रिकोण 'असू दे' म्हणून ठेवायचा नाही. एक तर त्याचे कारण काढून तो घालवायचा, नाहीतर तो निरुपद्रवी का आहे ते कारणासह लिहून ठेवायचे. कारण रोजच्या खोट्या ओरडीत खरी ओरड बुडून जाते. इशाऱ्याच्या शेवटी असलेला आकडा वाचल्याशिवाय औषध करायचे नाही. ज्या सर्व्हरला दुखते आहे त्याचीच वही आधी उघडायची. चांगल्या दिवशी वही कशी दिसते ते पाहून ठेवायचे, म्हणजे वाईट दिवशी काय कमी आहे ते कळते. धोरण बदलले की कुणी, कधी आणि का बदलले, ही ओळ त्याच वेळी लिहायची. आणि ज्याच्या नावावर अधिकार नाही, त्याच्या हातात किल्ली देऊन आपले काम करून घ्यायचे नाही.

माझे कंत्राट पुढे वाढले. आता मी दुसरीकडे आहे. माय थकली आहे. तिला आता सही करता येते. बँकेच्या पुस्तकात नोंद भरून आणली की ती मला ओळीवर बोट ठेवून वाचायला लावते आणि स्वतः बोटांवर मोजते. एखादा महिना कमी पडला तर बँकेत जाऊन विचारते. तिला इव्हेंट लॉग कधी कळणार नाही. परंतु नोंदवही कशी तपासावी, हे तिच्याइतके कुणी मला शिकवले नाही.

आपल्या घरी जी मुले-मुली हे काम करतात त्यांना माझे एवढेच सांगणे आहे. लिहिलेले तर वाचाच, परंतु कुणाची नोंद यायला हवी होती आणि आली नाही, तेही मोजत जा. त्या न आलेल्या ओळीमागे कुणाचा तरी पगार अडलेला असतो.